एस्टिमेटमधली गाळलेली ओळ

घराच्या नूतनीकरणाचे एस्टिमेट वाचले तर त्यात जवळजवळ सगळे असते. जुनी लादी उखडण्याचा दर, डेब्रिज खाली उतरवून नेण्याचे खेपेमागचे पैसे, बाथरूमचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅप बदलणे, वायरिंगचे एकेक पॉइंट मोजून, पीओपी चौरस फुटावर, सुतारकाम रनिंग फुटावर, रंगाचे किती हात. घरमालक प्रत्येक ओळीवर घासाघीस करतो, शेजाऱ्याने काय दर दिला ते विचारून येतो, प्लायवूड बदलून आकडा किती खाली येतो ते पाहतो. एवढ्या तपशिलाच्या कागदावर एक ओळ मात्र क्वचितच सापडते: काम चालू असताना गवंडी पडला, वायरमनला शॉक लागला, खालच्या घराचे छत गळू लागले, तर पैसे कोणी द्यायचे? ही ओळ लिहिली नाही म्हणून तो खर्च टळत नाही. अपघात झाला की तो होतोच, आणि आधी ठरवून वाटून घेतलेला नसल्यामुळे ज्याची सोसायची ताकद सर्वांत कमी त्याच्यावर जाऊन पडतो. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे कामगार, आणि कामगार गेला तर मागे राहिलेली त्याची बायको. या पुस्तकाच्या पुढच्या पानांमध्ये विम्याचे प्रकार, करारातली कलमे, सोसायटीचे नियम अशा अनेक गोष्टी येतील. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे. अपघाताची जोखीम हा कामाच्या किमतीचाच भाग आहे, आणि तो भाग पहिला हातोडा पडण्याआधी कागदावर आला पाहिजे. तो आणण्याची सुरुवात घरमालकाने करायची आहे, कारण काम कोणाला द्यायचे हे ठरवण्याची मोकळीक फक्त त्यालाच असते.

घरातल्या घरात केलेले काम चार भिंतींपुरते राहते, ही समजूत किती धोक्याची आहे हे महाराष्ट्राने पुन्हापुन्हा पाहिले आहे. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून 17 माणसे मेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशीचे काम चालू असताना स्लॅब खचला, खालचे स्लॅब घेऊन तळाला आला आणि सहा जणांचा जीव गेला. फरशी बदलणे हे काम आपण दुरुस्तीत धरतो, बांधकामात नाही. जुन्या इमारतीच्या स्लॅबला हा भेद कळत नाही. उखडलेल्या लादीचा ढीग, नव्या लादीच्या पेट्या, वाळू, सिमेंटच्या गोण्या आणि ब्रेकर मशीनची कंपने हे सगळे ओझे तोच पेलत असतो. या मोठ्या घटना, म्हणून त्यांची बातमी झाली. परांचीवरून पडून कंबर मोडलेला रंगारी, ग्राइंडरने बोटे गेलेला लादीवाला, ओल्या भिंतीत ड्रिल घालताना शॉक लागलेला हेल्पर, एसीचे बाहेरचे युनिट बसवताना खाली गेलेला मुलगा यांची बातमी स्थानिक पानावर चार ओळींत संपते, किंवा होतही नाही.

नुकसान तीन दिशांनी होऊ शकते आणि प्रत्येक दिशेचा कायदा वेगळा, विमा वेगळा. काम करणाऱ्याला इजा होते. शेजाऱ्याचे किंवा खालून जाणाऱ्याचे नुकसान होते. आणि आपल्याच घराचे किंवा चालू कामाचे नुकसान होते. “विमा आहे ना?” असा एकच प्रश्न विचारून “हो, आहे” असे उत्तर मिळाले की लोक निश्चिंत होतात. हा विमा यांपैकी कोणत्या दिशेचा, हे विचारलेले नसते. घराचा आगीचा विमा कामगाराच्या मृत्यूला एक रुपया देत नाही, आणि कामगारांचा विमा खालच्या घराच्या भिजलेल्या फर्निचरला देत नाही. तीनही दिशांना मी सारखे महत्त्व देणार नाही. पैसा परत मिळवता येतो, छत पुन्हा रंगवता येते. माणसाचा हात परत येत नाही, म्हणून आधी कामगाराचा विचार.

कामगाराच्या अपघाताचा आपल्याकडचा पाया 1923 चा नुकसानभरपाई कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला आहे, पण त्याचा गाभा आणि हिशेबाची रीत तीच राहिली आहे. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला असेल तर भरपाई देण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. हिशेबासाठी धरायचे वेतन 2020 पासून जास्तीत जास्त 15 हजार रुपये. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15 लाख 59 हजार 850 रुपये. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर तिच्यावर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. खटला तीन वर्षे चालला तर नुसते व्याजच साडेपाच लाखांच्या पुढे जाते. बाथरूम आणि स्वयंपाकघर नवे करायला काढलेल्या बजेटहून ही रक्कम सहज मोठी असू शकते. अपंगत्वाचा हिशेब तक्त्यात टक्क्यांनी दिलेला आहे, उदाहरणार्थ अंगठा गेला तर 30 टक्के. पण तक्ता हा शेवटचा शब्द नाही. 1968 मध्ये एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम करता येत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्वच, असा निर्णय भरपाई आयुक्तांनी दिला आणि 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा तो खटला. भरपाईचे देणे निकालाच्या दिवसापासून लागत नाही, अपघाताच्या दिवसापासूनच लागते, हेही त्याच निकालाने पक्के केले. कारागिराचे शरीर हेच त्याचे भांडवल असते, ही गोष्ट न्यायालयाने ज्या स्पष्टपणे मानली त्या स्पष्टपणे ती आपल्या एस्टिमेटमध्ये अजून आलेली नाही.

या कायद्यातल्या दोन-तीन तरतुदी घरमालकांना माहीत नसतात आणि त्या माहीत नसल्याने दोन्ही बाजूंचे नुकसान होते. “त्याने हेल्मेट घातले नव्हते, बेल्ट लावला नव्हता, दारू प्यायला होता” हे बचाव किरकोळ इजेत उपयोगी पडू शकतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर पडत नाहीत. “काही झाले तर माझी जबाबदारी, मालकाकडे मागणार नाही” असे कामगाराकडून लिहून घेतलेले कागद कायद्याने रद्दबातल आहेत, स्टॅम्पपेपरवर असले तरी. आणि मृत्यूनंतर चार वडीलधाऱ्यांना बसवून “समजुतीने” दिलेली रोख रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. मालक देऊन मोकळा झालो असे समजतो आणि त्याचे देणे तसेच उभे राहते. दुसरीकडे विधवेच्या हातात पडायला हवे ते पैसे दिराच्या किंवा मुकादमाच्या हातात जातात. ही तरतूद नेमकी याच भीतीने केलेली आहे आणि मला ती या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते.

आता अवघड प्रश्न. घरमालक हा “मालक” आहे का? पुष्कळ दिवस उत्तर सोपे होते. कामगाराच्या व्याख्येतून असा माणूस वगळलेला होता, ज्याचे काम तात्पुरते आहे आणि ज्याला मालकाच्या धंद्यासाठी कामावर घेतलेले नाही. घर रंगवणारा रंगारी त्यात बरोबर बसत होता. 2000 साली झालेल्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. शिवाय कायद्याच्या परिशिष्टात एकापेक्षा जास्त मजल्यांच्या इमारतीचे बांधकाम, देखभाल, दुरुस्ती आणि पाडकाम करणारे स्पष्ट नमूद आहेत. म्हणजे मुंबई-पुण्यातला जवळजवळ प्रत्येक फ्लॅट आला. तेव्हा तुम्ही नाक्यावरून गवंडी आणि दोन बिगारी रोजंदारीवर आणलेत, माल स्वतः विकत आणलात, रोज सकाळी काय करायचे ते सांगितलेत आणि संध्याकाळी मजुरी हातावर ठेवलीत, तर कायद्याच्या नजरेत मालकाच्या खुर्चीत तुम्हीच बसला आहात असा दावा उभा राहू शकतो. याउलट सगळे काम मालासकट उक्ते दिले, काम घेणाऱ्याची स्वतःची माणसे आहेत, हत्यारे आहेत, काम कसे करायचे हे तो ठरवतो, तर त्या माणसांचा मालक तो. मुख्य मालकाने ठेकेदाराच्या कामगारांची भरपाई द्यावी असे एक कलम आहे, पण ते मुख्य मालकाच्या व्यापाराचा किंवा धंद्याचा भाग असलेल्या कामापुरते. स्वतःच्या राहत्या घराची दुरुस्ती हा कोणाचा धंदा नसतो. जबाबदारी कोणाची हे शेवटी बिलावर नाव कोणाचे यापेक्षा ताबा कोणाचा यावर ठरते. यातली खरी अडचण अशी की आपली बहुसंख्य कामे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात: मजुरी उक्ती, माल मालकाचा, देखरेख दोघांची. पैसे वाचवण्यासाठी माल स्वतः आणणारा आणि रोज साइटवर उभा राहून सूचना देणारा घरमालक नकळत जबाबदारीचा एकेक धागा स्वतःकडे ओढत असतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: मग उक्ते काम द्यावे आणि जबाबदारी ठेकेदारावर लिहून घ्यावी, विषय संपला. कायद्याच्या चौकटीत हा सल्ला चुकीचा नाही, आणि आणखी एक लाभ म्हणजे उक्ते काम घेणारा ग्राहक कायद्याखाली सेवा देणारा ठरतो. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 मध्येच म्हटले आहे, आणि 50 लाखांपर्यंतच्या कामाची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते. पण नुकसान भरून देण्याची हमी आणि नुकसान भरून देण्याची ऐपत या वेगळ्या गोष्टी आहेत. इंटिरियरवाला काम घेतो, सिव्हिलचा भाग दुसऱ्याला देतो, तो लादीचे काम एका मुकादमाला देतो, मुकादम गावाकडून आलेली सहा माणसे आणतो. करारावर सही पहिल्याची, आणि ब्रेकर चालवणारा मात्र चौथ्या पायरीवरचा. त्या साखळीतल्या एखाद्या दुव्याकडे भाड्याची खोली, मोटरसायकल आणि मोबाइल याखेरीज काही नसते. त्याच्या हमीपत्रातून पंधरा लाख निघत नाहीत. अशा वेळी अपघातग्रस्ताचे कुटुंब आणि त्यांचा वकील शोधतात तो सर्वांत पक्का पत्ता असलेला माणूस, आणि तो फ्लॅटधारक असतो. दावा शेवटी फेटाळला गेला तरी त्याची वर्षे आणि वकिलाची फी गेलेलीच असते. म्हणून करारातले कलम हवेच, पण त्याच्या मागे पैसा उभा करणारी पॉलिसी हवी.

ही पॉलिसी म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई विमा. ती कामगारांची नावे न देता, कोणत्या कामाचे किती जण आणि त्यांची एकूण मजुरी किती यावर घेता येते, आणि कामाच्या मुदतीपुरतीही घेता येते. ठेकेदाराने पॉलिसीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला म्हणजे झाले असे मानू नये. त्यावर कामाचे स्वरूप काय लिहिले आहे ते वाचावे. “फर्निचर बनवणे” लिहिलेली पॉलिसी बाहेरच्या भिंतीवर परांचीवरून चाललेल्या कामाला कितपत पुरेल याचा वाद अपघातानंतर घालण्यात अर्थ नाही. तारखा पाहाव्यात, कारण आपली कामे लांबतात आणि विमा लांबत नाही. कामाचा पत्ता, माणसांची संख्या आणि दाखवलेली मजुरी खरी आहे का ते पाहावे. प्रीमियम वाचवण्यासाठी दोन माणसे दाखवून साइटवर आठ ठेवलेली असतात. उपठेकेदाराची माणसे त्यात आहेत का, आणि उपचारांचा खर्च धरला आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. 2009 च्या दुरुस्तीनंतर कामगाराच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर येतो आणि पॉलिसीत तो बहुधा वेगळे पैसे भरून जोडावा लागतो. आणि रोजंदारीवरच माणसे लावायची असतील तर ही पॉलिसी घरमालकाने स्वतःच्या नावाने घ्यावी.

“बांधकाम कामगार मंडळ देते ना,” असे काही जण म्हणतील. महाराष्ट्राचे मंडळ नोंदीत कामगाराचा कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपये देते, आणि ते फार मोलाचे आहेत. पण नोंदणीसाठी आधीच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एका घरात आठ दिवस, दुसऱ्यात पंधरा, असे फिरणाऱ्या रंगाऱ्याला तो कोण देणार? मोठ्या बांधकामांवर एक टक्का उपकर बसतो आणि त्यातून हे मंडळ चालते. स्वतःच्या राहण्यासाठी केलेले लहान काम 1996 च्या कायद्यात दहा लाखांपर्यंत वगळलेले होते, नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. म्हणजे घरदुरुस्तीचा कामगार त्या व्यवस्थेच्या कडेलाच राहतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख देते. बँक खाते असलेल्या प्रत्येक कामगाराने ती घ्यावी, आणि काम देणाऱ्याने ती आहे का एवढे विचारले तरी पुष्कळ. मात्र या दोन्ही रकमा मालकाच्या देण्यातून वजा होत नाहीत. त्या आधार आहेत, जबाबदारीची फेड नव्हे.

शेजाऱ्याच्या बाबतीत नाट्य कमी आणि भांडण जास्त. बाथरूमचा कोबा उखडला की जुने वॉटरप्रूफिंग जाते, एखादी जुनी लाइन फुटते, आणि खालच्या घराच्या छतावर ओल उमटते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, आतली सदस्याने. शेजारी ठेकेदाराला ओळखत नाही. तो तुमच्या दाराशी येणार. सोसायटीच्या विम्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी ती पॉलिसी एकदा काढून पाहावी, बहुतेक ती इमारतीच्या आग-भूकंपाची असते. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणारी भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी चांगली आहे. पाइप किंवा टाकी फुटून आपल्या घराचे झालेले नुकसान ती धरते. पण दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी तिच्या मूळ स्वरूपात नाही. जमीन खचण्याच्या संरक्षणातून बांधकाम, रचनात्मक बदल आणि दुरुस्तीमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. आणि चटईक्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त वाढवले आणि जादा प्रीमियम भरला नाही, तर त्या वाढीव भागाचा भरवसा धरता येत नाही. बाल्कनी आत घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. शेजाऱ्यासाठी लागतो तो ठेकेदाराचा सार्वजनिक दायित्व विमा, किंवा काम मोठे असेल तर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी. हिच्यात चालू कामाचे नुकसान आणि तिऱ्हाइताचे नुकसान असे दोन भाग असतात. ज्या घरात काम चालू आहे ते मूळ घर आपोआप त्यात येत नाही, ते वेगळे लिहून घ्यावे लागते. आणि खराब काम, चुकीचा माल पुन्हा करून देण्याचा खर्च कोणतीच पॉलिसी देत नाही. त्यासाठी करारात वॉरंटीची मुदत आणि ती संपेपर्यंत रोखून धरलेली थोडी रक्कम हाच उपाय. नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा: ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत रचनेतले दोष बिल्डरने दुरुस्त करून देण्याची जबाबदारी रेरा कायद्याने त्याच्यावर टाकली आहे, आणि त्या मुदतीत तुम्ही भिंती हलवल्या तर दोष कोणाचा हा वाद तुम्हीच त्याच्या हातात देता.

जिथे विमा पोहोचत नाही अशी जागाही आहे. दुरुस्ती, बांधकाम किंवा पाडकाम निष्काळजीपणे करून माणसांच्या जिवाला धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम लागते. कल्याणच्या घटनेत फ्लॅटधारकावर गुन्हा दाखल झाला. शिक्षा कोणतीही कंपनी आपल्या अंगावर घेत नाही. म्हणून खांब, बीम आणि स्लॅब यांच्या बाबतीत विम्याआधी रचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय, आणि विजेच्या बाबतीत परवानाधारक वायरमन व कामापुरत्या वायरिंगवरही 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह जाणवताच वीज तोडणारा स्विच), या गोष्टी येतात.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप गरिबीचा आहे. लहान मिस्त्री पॉलिसी कुठून काढणार? असे कागद मागितले तर काम मोठ्या कंपन्यांकडे जाईल आणि हातात कसब असलेला, विश्वासाचा माणूस बाहेर पडेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मनाच्या चांगुलपणातून येतो. पण त्याचे उत्तर विमा सोडणे हे नाही. मिस्त्रीला परवडत नसेल तर प्रीमियम एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ म्हणून दाखवू द्यावा आणि घरमालकाने भरावा. पॉलिसी काढायला त्याला मदत करावी. तिघांचे कोटेशन समोर ठेवताना विमा धरलेले आणि न धरलेले आकडे एकमेकांशी तोलू नयेत, कारण स्वस्त कोटेशनमधली बचत अनेकदा कामगाराच्या असुरक्षिततेतून आलेली असते. विश्वास आणि कागद यांत वैर नाही. वीस वर्षे ओळखीच्या सुताराच्या मुलांसाठी पॉलिसी असावी, हे त्या ओळखीचेच मागणे आहे. “काम छोटे आहे” हा बचावही टिकत नाही, कारण उंची छोटी नसते. सातव्या मजल्याच्या खिडकीची ग्रिल बदलणे हे दोन तासांचे काम आहे. स्कूटर रस्त्यावर काढायला आपल्याकडे तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे, आणि सातव्या मजल्यावर भिंत फोडायला कोणताही नाही. ब्रिटनमध्ये 1969 च्या कायद्याने बहुतेक मालकांना कामगारांचा विमा सक्तीचा केला. आपला 1923 चा कायदा ज्या परंपरेतून आला तिथे देणे आणि विमा यांची जोडी लागली. आपल्याकडे देणे राहिले आणि विमा ऐच्छिक राहिला. विमा कंपन्या दावे नाकारतात ही तक्रारही खोटी नाही. पण नाकारलेल्या दाव्यांत चुकीचे वर्णन, संपलेली मुदत, कमी दाखवलेली माणसे आणि उशिरा दिलेली सूचना ही कारणे असतात तेव्हा त्यांवरचा इलाज आपल्याच हातात, आणि पॉलिसी घेतानाच करण्याजोगा असतो.

सक्ती येईल तेव्हा येईल. तोवर सर्वांत जवळची आणि ताकदवान यंत्रणा म्हणजे गृहनिर्माण संस्थेची समिती. आजही घरात बदल करायला संस्थेची लेखी परवानगी लागते. परवानगीच्या अर्जासोबत अनामत घेतली जाते, कामाच्या वेळा सांगितल्या जातात, डेब्रिज जिन्यात ठेवू नये आणि कामगारांनी लिफ्ट वापरू नये असे बजावले जाते. आणि “कोणताही अपघात झाल्यास सर्व जबाबदारी सदस्याची” या वाक्याखाली सही घेतली जाते. सदस्य ती न वाचता करतो, समिती ती घेऊन निश्चिंत होते, आणि कामगाराच्या हक्कात त्या सहीने काहीच फरक पडत नाही. त्या वाक्याच्या जागी समितीने तीन गोष्टी मागाव्यात: कामाच्या तारखा आणि माणसांची संख्या असलेली कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसीची प्रत, ओल्या कामासाठी किंवा तोडफोडीसाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, आणि भिंत, कोबा किंवा लादी उखडायची असेल तर अभियंत्याचे पत्र. जुन्या इमारतींना ठरावीक वर्षांनी रचना तपासणी करून घ्यावीच लागते. त्या अहवालाची प्रत काम घेणाऱ्या ठेकेदाराला द्यावी, म्हणजे कोणत्या स्लॅबवर किती माल एका वेळी चढवायचा हे त्याला आधी कळेल. पॉलिसी नाही तोवर गेटवर कामगारांचे पास काढू नयेत, आणि काम लांबले तर वाढीव मुदतीची पॉलिसी दाखवल्याशिवाय पासची मुदत वाढवू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो, आणि त्याचा मसुदा पहिल्याच प्रकरणात दिला आहे.